अर्थमूव्हर

रात्री साडेअकराला फोन वाजला की बायको झोपेतच विचारते, "कोणाचं?" कोण नाही, कोणाचं. म्हणजे कोणाचं मशीन बंद पडलं. एवढ्या वर्षांत अपरात्री आमच्याकडे माणसं कमी अन् मशीनंच जास्त आजारी पडली.

मी सिन्नरला राहतो. जेसीबी, पोकलेन, रोलर, ब्रेकर, असलं जे काही जमीन उकरतं किंवा दाबतं, ते दुरुस्त करतो. आमच्या भागात जे पिवळं ते जेसीबी. पोकलेनचं तर आणखी वेगळं. ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आता मशीन जपानी असो की कोरियन, नारिंगी असो की निळं, साखळीवर चालत आलं की ते पोकलेन. सून कितीही घरं बदलो, गाव तिला माहेरच्याच नावानं ओळखतं, तसं.

"मिस्तरी, मशीन बंद पडलंय."

"काय झालंय?"

"काही नाही, अचानक."

मशीन अचानक कधीच बंद पडत नाही. ऑपरेटर तीन आठवडे "थोडा आवाज येतोय" म्हणत असतो, शेठ तीन आठवडे "ग्रीस मार" म्हणत असतात. आवाज बंद होतो तेव्हा मशीनही बंद झालेलं असतं. मग माझी आठवण निघते.

पूर्वी मी मोटारसायकलवर जायचो. मागे माझा हाताखालचा पोऱ्या बारक्या, त्याच्या मांडीवर पान्यांची पेटी, हँडलला ऑइलचा कॅन आणि माझ्या गळ्यात वेटोळं घातलेला होज पाईप. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शंकर निघालेत, फक्त नंदी मागे बसलाय. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं तोवर एवढ्यावर भागलं. सगळी मशीनं एका रांगेत. एकाचा पाईप बदलून होईस्तोवर शेजारच्याची पिन सुटलेली असायची. मे २०२३ मध्ये आमच्याकडचा शिर्डी ते भरवीर टप्पा सुरू झाला. लोक गाड्या घेऊन सुसाट सुटले आणि माझी मशीनं शेततळी, विहिरी, खडी क्रशर, वीटभट्ट्या अशी पन्नास-पन्नास किलोमीटरवर पांगली.

त्यातच एकदा एका जेसीबीचा बूमचा जॅक गळायला लागला. सील किट शेतात बदलण्यासारखं नव्हतं, जॅक काढून आणायला लागणार होता. तो मोटारसायकलवर बसेना म्हणून छोटा हत्ती भाड्यानं केला. जाऊन-येऊन भाडं २२०० रुपये. माझी मजुरी २५००. उरलेल्या तीनशेतली एकशे ऐंशीची मिसळ बारक्यानं खाल्ली. त्या दिवशी ठरवलं, आता स्वतःची सर्व्हिस गाडी घ्यायची. पिकअप घ्यायची, हौद्यात कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट, चेन पुली ब्लॉक, ग्रीस पंप बसवायचा. गाडी म्हणजेच गॅरेज.

गेलो बँकेत. साहेबांनी आधार घेतलं, पॅन घेतलं, स्क्रीनकडे बघितलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुमचं सिबिल उणे एक आहे."

शाळेत गणितात मला शून्य पडलेलं आहे, पण शून्याच्या खाली कोणी नेलं नव्हतं. साहेबांनी समजावलं. सिबिलचा स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे मार्क, ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि उणे एक म्हणजे नापास नव्हे, तर परीक्षेलाच न बसलेला. "तुम्ही आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही?" त्यांनी विचारलं. सूर असा, की तुम्ही आयुष्यात कधी अंघोळच केली नाही?

वडील सांगून गेले होते की उपाशी झोप, पण सावकाराचा ओटा चढू नको. मी ते पाळलं. आता कळलं की ओटा न चढणाऱ्याला बाजारात पतच नसते. साहेब म्हणाले, "आधी काहीतरी लहानसं हप्त्यावर घ्या. नियमित फेडा. मग या."

बायकोनं वॉशिंग मशीन सुचवायला तीन सेकंद घेतली. अशा रीतीनं माझ्या धंद्याच्या प्रगतीसाठी आमच्या घरी वॉशिंग मशीन आलं. त्यात ग्रीसचे कपडे टाकायचे नाहीत, असा हुकूम त्याच संध्याकाळी निघाला. म्हणजे हप्ते मी भरतो आणि माझे कपडे मी दगडावर घासतो. पण सात महिन्यांनी स्कोअर आला ७४१. मी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर "श्री"च्या खाली लिहून ठेवला.

वहीवरून आठवलं. साहेबांनी पुढे उत्पन्नाचा पुरावा मागितला. रिटर्न होती, पण त्यात सीएनं माझं उत्पन्न एवढं मापात दाखवलं होतं की वाचून मलाच माझी दया आली. म्हणून मी वही पुढे केली. त्यात तीन लाख चाळीस हजारांची उधारी. शेठ अमुक, पंप रिपेअर, बाकी. शेठ तमुक, बुश बदलले, बाकी. साहेबांनी दोन बोटांनी पान उलटलं. बोटं काळी झाली.

"यावर त्यांच्या सह्या कुठे आहेत?"

"सह्या नाहीत साहेब. बिल निघालं की देतो म्हणालेत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तारण नाही, व्याज नाही, सही नाही, स्कोअर बघणं नाही, आणि साडेतीन लाख वाटून मोकळा! आमच्या तालुक्यातली सगळ्यात उदार बँक मीच होतो. फक्त माझ्या बँकेतून मलाच कर्ज मिळत नव्हतं.

मग तपासणीला माणूस आला. त्याला दुकानाच्या पाटीसमोर माझा फोटो हवा होता. माझ्याकडे लिंबाचं झाड होतं, पत्र्याची शेड होती, पाटी नव्हती. कारण मी जिथे जातो तिथे दुकान. तो म्हणाला, पाटी करून ठेवा, सोमवारी येतो. पेंटरला बोलावलं. त्यानं पिवळ्यावर काळ्यानं ठसठशीत लिहिलं, "अर्थमूव्हर्स रिपेअरिंग", म्हणजे माती हलवणाऱ्या मशीनांची दुरुस्ती. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. ती पाटीसमोर उभी राहून हसत सुटली. म्हणाली, "बाबा, अर्थ म्हणजे पैसा ना? मग पैसे हलवणारे ते अर्थमूव्हर." मी म्हटलं, पोरी, पैसा हलत नाही म्हणूनच तर ही पाटी लावलीय.

मधल्या काळात एक फायनान्सवाला शेडवर आला. तो खरंच गोड माणूस. कागद नको, पाटी नको, दोन दिवसांत सहा लाख. "फक्त नऊ टक्के, फ्लॅट." पाच वर्षांचा हप्ता १४५०० रुपये. बँक अकरा टक्के म्हणत होती. नऊ आणि अकरामध्ये लहान काय, हे मलाही कळतं. मी सहीला पेन उचललं होतं. मुलीनं मोबाईलवर बराच वेळ काहीतरी बडवलं आणि म्हणाली, "बाबा, मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, पण हे व्याज पाचही वर्षं पूर्ण सहा लाखांवर लावतायत. हे खरं पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास पडतं. बँकेचा हप्ता तेरा हजारांवर थोडा येतोय." फायनान्सवाल्यानं मुलीच्या हुशारीचं मनापासून कौतुक केलं, चहा संपवला आणि निघून गेला. स्क्रीनवर एक आणि टाकीत दुसरंच दाखवणारे मीटर मी आयुष्यभर दुरुस्त केले, पण हे मीटर मला वाचता आलं नव्हतं.

बँकेनं जामीनदार मागितला. तारणाची सक्ती नाही म्हणाले, पण कोणी असेल तर बरं. मी शेठकडे गेलो. शेठ म्हणजे तीन जेसीबी, दोन पोकलेन, पांढरे कपडे, आणि माझ्या वहीत ८२ हजार. एवढ्या मोठ्या माणसाचं सिबिल बघून साहेबांनी मान हलवली, ती आडवी. पाचशे ऐंशी. हप्ते मागेपुढे झालेले.

"पण मग त्यांना मशीनं मिळतात कशी?"

"मशीनच तारण असतं ना," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे काय आहे?"

मी हात बघितले. दहा बोटं होती. त्यातलं एकही ओढून नेण्यासारखं नव्हतं.

शेवटी मेहुणा उभा राहिला. तो जिल्हा परिषदेचा शिक्षक. पगारपत्रक दाखवलं आणि साहेबांचा चेहरा प्रथमच फुलला. मार्जिनसाठी, म्हणजे किमतीतल्या आपल्या वाट्यासाठी, बायकोची भिशी लागली. कोटेशनमध्ये लॅपटॉप बघून साहेब एकदा अडले. "गॅरेजला लॅपटॉप?" मी सांगितलं, २०२१ पासून या मशीनांना प्रदूषणाचे नवे नियम आले, नव्या इंजिनांत सेन्सर आले. पूर्वी कानाला पाना लावून इंजिन ऐकायचो, आता केबल लावून विचारावं लागतं. साहेबांनी मंजूर केलं. कान तारण ठेवता येत नाही, हे एव्हाना मलाही कळलं होतं.

गाडी आली. लिंबू, मिरची, नारळ. बारक्यानं मागे लिहून घेतलं, "आईची कृपा". मी म्हटलं, खाली "बँकेकडे गहाण" पण लिही, आरसीवर लिहिलंच आहे.

हप्ता दर पाच तारखेला. पूर्वी "मिस्तरी, रातोरात करा, हप्ता थांबत नाही" असं कोणी म्हटलं की मी मनात हसायचो. आता तीन तारखेपासून मला आपोआप पहाटे चारला जाग येते. पाऊस असला, मशीनं उभी असली, तरी पाच तारीख यायची थांबत नाही. तिला कधी अचानक बिघाड होत नाही.

गेल्या आठवड्यात रात्री शेठचा फोन. पोकलेनचा मेन होज फुटला. गाडी घेऊन रुबाबात निघालो. शेवटच्या वळणाच्या पुढे रस्ताच नव्हता, नुसता चिखल आणि त्यापलीकडे तीनशे मीटरवर मशीन. गाडी तिथेच लावली. बारक्यानं पेटी डोक्यावर घेतली, मी होज गळ्यात घातला. शेठ छत्री घेऊन उभेच होते.

"एवढी गाडी घेतली अन् चालत आलात?"

मी काही बोललो नाही. इंजिन बंद करायला लावलं, मशीनखाली शिरलो. शेठ वाकून टॉर्च धरायला लागले. शेठ स्वतः टॉर्च धरतात म्हणजे काहीतरी आहे, एवढं मला समजतं.

"मिस्तरी," शेठ हळूच म्हणाले, "चौथा जेसीबी घेतोय. बँकवाले म्हणत होते, तुमचं सिबिल आता फार चांगलं झालंय. जामीनदार म्हणून फक्त एक सही लागेल."

मी नट आवळत राहिलो. ऐकू आलं नाही असं दाखवायला इंजिन चालू असायला हवं होतं, आणि ते तर मीच बंद करायला लावलं होतं.