तारीख कळली तर झोप लागेल

पुण्यात नवी पेठेत गांजवे चौकाच्या मागच्या अंगाला मामांची टपरी आहे. टपरीला नाव नाही, पाटी नाही. कट्टा म्हणजे एका बंद दुकानाची पायरी आणि दुधाचे दोन उलटे क्रेट. शनिवारी रात्री तिथे सहज बसायला मिळालं तर समजावं, उद्या पेठेतल्या पोरांचा पेपर आहे.

गेल्या शनिवारी जागा नव्हती, म्हणून बार्शी उभा होता. आमच्यात नावं गावावरून नाहीतर कर्मावरून पडतात. बार्शी हा बार्शीचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तात्या एमपीएससी करतो, वय ३१, कानशिलं पांढरी झाली म्हणून तात्या. सदाशिव म्हणजे सदाशिव पेठेत स्वतःचं घर असलेला आणि सीए करणारा. सायको मानसशास्त्रात एमए करते. हे नाव तिने स्वतःच पसंत केलंय. मी हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे चहाचे पैसे बहुतेक मीच देतो.

बार्शीच्या चहावर साय धरली होती.

"पी की," सदाशिव म्हणाला, "का चहाचंही टेन्शन आलंय?"

"एम-३ च्या रीव्हॅलचा निकाल नाही आला अजून. आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख सोमवार."

ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांना यातलं दुखणं कळायचं नाही. एम-३ म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित. दुसरं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. एक विषय राहिला तरी वायडी, म्हणजे वर्ष घरी. बार्शीला चार मार्क कमी पडलेत. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून त्याने पाहिली तेव्हा एक प्रश्न तपासलाच नव्हता, म्हणून फेरतपासणीला टाकली. आता तो पास आहे की नापास हे कुणालाच माहीत नाही, तरी त्याच विषयाचा परत फॉर्म भरायचा, फी भरायची आणि अभ्यासही करायचा. मीही वायडीवाला आहे. नापासाचा शिक्का सहन होतो. हे अधांतरी लटकणं नाही होत.

"मग अभ्यास कर ना! गणितच आहे," सदाशिव म्हणाला. "आमचे आजोबा रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले. त्यांना कुठे होता ताणबिण? हे सगळं मोबाईल आल्यापासूनचं आहे. रात्री दोनपर्यंत रील्स बघायचे आणि सकाळी म्हणायचं, अँग्झायटी आहे."

तात्या हसला. "तुझे आजोबा अकरावी मॅट्रिकवर पोस्टात चिकटले. त्याच नोकरीला आता रांगेत पदवीधर उभे असतात. दिव्याखाली बसायला आमची ना नाही, पुढे पोस्ट ऑफिस दिसलं पाहिजे."

"म्हणजे मोबाईलचा काही संबंधच नाही?"

"आहे की," बार्शी म्हणाला. "निकाल लागला का ते बघायला दर दहा मिनिटांनी उघडतो. एकदा उघडला की रील लागतं."

सायको इतका वेळ क्रीम रोल खात होती. बोट चाटून म्हणाली, "एकदा उंदरांचं ऐकून घ्या, मग भांडा."

१९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना दोन खोक्यांतलं योग्य खोकं ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. काम सोपं होतं तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. काम अवघड केल्यावर मात्र जोरदार झटक्याने उलटंच झालं. मध्यम झटका बसणारे शिकले, जास्तवाले गोंधळले. "म्हणून पाढे धाकाने पाठ होतात," ती म्हणाली, "लाप्लास नाही होत." लाप्लास म्हणजे एम-३ मधलं अवघड गणित.

हे बार्शीला लागलं असावं, कारण तो पहिल्यांदाच बसला. माझ्याच क्रेटवर, मला ढकलून. "ओरलला मला बाहेरून आलेल्या परीक्षकानं लाप्लासच विचारलं होतं," तो म्हणाला. "व्याख्या. साधी व्याख्या! आदल्या रात्री रूम पार्टनरला झोपेतून उठवून म्हणून दाखवलेली. समोर उभा राहिलो आणि पाटी कोरी. सर म्हणले, अभ्यास केला नाही का? मला वाटलं, हो म्हणावं. नाही केला म्हणणं सोपं होतं."

"ते तुझ्या किडनीच्या वर बसलेल्या ग्रंथींचं काम," सायको म्हणाली. "कॉर्टिसॉल. वेळेपुरतं वाढलं तर बरं असतं, अंगात साखर येते, माणूस जागा होतो. पण त्या भरात डोक्यात साठवलेलं बाहेर काढायला अडचण होते. आणि महिनोन् महिने चढलेलंच राहिलं तर झोप जाते, पोट बिघडतं, माणूस चिडका होतो."

"पोट!" तात्या म्हणाला. "मी वर्षभर मेसच्या पोळीला शिव्या दिल्या. मेस बदलली, तिथेही जळजळ. तिसऱ्या मेसला कळलं की पोळीचा दोष नाही."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग सदाशिव म्हणाला, "पण तात्या, खरं सांग. तू रोज बारा तास अभ्यासिकेत बसतोस. ताण त्याचाच ना?" आणि तात्याने ग्लास खाली ठेवला.

"अभ्यासाचा ताण मला कधीच आला नाही," तो म्हणाला. "लक्ष्मीकांतचं राज्यघटनेचं पुस्तक चाळून पानं सुटली, तरी कंटाळा नाही. मला ताण तारखेचा येतो. २०२० ची राज्यसेवा पूर्व ५ एप्रिलला होती. कोरोना आला, गेली पुढे. ठीक, जग बंद होतं. मग सप्टेंबर, मग ऑक्टोबर, मग १४ मार्च २०२१. पेपरला तीन दिवस उरले असताना जाहीर झालं, पुढे ढकलली. २०० जागा, अडीच लाखांवर पोरं. इथे शास्त्री रोडवर आम्ही रस्ता अडवून बसलो, तेव्हा कुठे २१ मार्च ठरली. तीन दिवस आधी माणूस कसा असतो माहितीये? धनुष्य पूर्ण ओढलेलं असतं. ते आठवडाभर तसंच धरून बस म्हणायचं!"

"झाली ना पण परीक्षा."

"झाली. पुढचं ऐक. २०२२ ला सांगितलं मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, २०२३ पासून. निम्मी पोरं म्हणाली आत्ता नको, निम्मी म्हणाली आत्ताच हवी. परत रस्त्यावर. मग ठरलं २०२५ पासून. ऑगस्ट २०२४ ला पूर्व परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, परत शास्त्री रोड, परत पुढे. मी आंदोलनाला गेलो की नाही विचारू नकोस. माझं म्हणणं एवढंच आहे, मला उद्या सांगा, तात्या, तू नापास होणार आहेस, अमुक तारखेला. मी शांत झोपेन. तारीख कळली तर झोप लागेल."

बाजूच्या टेबलवरची, म्हणजे बाजूच्या पायरीवरची दोन अनोळखी पोरं वळून बघायला लागली. एकाने मान हलवली.

"आणि वयाचं," तात्या थांबेना. "खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. लोक म्हणतात, किती सवलत! मला ती लांब सोडलेली दोरी वाटते. तिसाव्या वर्षी दार बंद झालं असतं तर शिव्या दिल्या असत्या आणि दुकान टाकलं असतं. आता घरचे विचारतात, अजून सात वर्षं आहेत ना? थांबायचं कधी हे मलाच ठरवायचंय, आणि थांबलो तर मीच घाबरट."

यावर कुणीच लगेच बोललं नाही. मला वाटतं त्या रात्रीचं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं, आणि ते मोबाईल, अभ्यास, पालक या नेहमीच्या यादीत कुठेच बसत नाही.

सायकोने त्याची बाजू उचलली. इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाचा, सुरुवात १९६७. सगळ्यांना वाटायचं की हृदयविकार साहेबाला होणार, कारण जबाबदारी त्याची. निघालं उलटं. खालच्या श्रेणीतल्यांना जास्त. १९८५ ला दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात एक कारण पुढे आलं ते म्हणजे कामावर आपलं किती चालतं. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या हृदयाला जास्त त्रास.

"म्हणजे क्लास वन निघालं तरच जगणार," तात्या म्हणाला. "लिपिकाची जाहिरात आली तर भरत नाही आता."

हसलो सगळे. सदाशिव हसला नाही. त्याची गंमत अशी की तो भांडायला लागला की हात पसरतो, आणि खरं बोलायला लागला की खिशात घालतो. आत्ता खिशात होते.

"तात्याची थिअरी माझ्यावर लावा," तो म्हणाला. "सीएचं वेळापत्रक कित्येक महिने आधी येतं. निकालाची तारीख सांगतात, त्या दिवशी निकाल लागतो. राहायला घर, जेवायला आई, आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएकडच्या उमेदवारीचा स्टायपेंड. इंटरला, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याला आता वर्षात तीन वेळा बसता येतं, २०२४ पासून. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला मिळून ५० टक्के, नियम स्वच्छ. माझ्या सगळ्या पेपरात चाळिशी होती, बेरजेत तीन मार्क गेले. मला कोणीच लटकवलेलं नाही. मग निकालाच्या आधी आठ दिवस माझ्या मानेवर गळवं का उठतात?"

सायको म्हणाली, "तुझी तुलना कोणाशी होते?"

"पूर्ण वाड्याशी! आता सोसायटी झाली, पण माणसं तीच. एक बहीण सीए, एक चुलतभाऊ जर्मनीत. आणि वर्षात तीन वेळा बसता येतं म्हणजे वर्षात तीन वेळा विचारतात, काय रे, झालं का?"

बार्शी एकदम म्हणाला, "आमच्याकडं रोज विचारत्यात. नऊ वाजता. वडील शेतातून येऊन, हातपाय धुऊन." मग थांबून, "मी ऑल क्लिअर सांगितलंय. जूनमध्येच."

मग त्याने जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत आलं. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही, तो कॉलेजकडे अडकलाय की वर, कळत नाही. खोली कॉट बेसिसवर, चौघांत एक पंखा. मेसला तो मुद्दाम खाडे करतो, महिनाअखेरीला तेवढेच पैसे वजा होतात. वडिलांना ऑल क्लिअर सांगितल्यापासून दिवाळीला गेला नाही, कारण गेलं की धाकटा भाऊ मार्कशीट बघायला मागणार. प्रोजेक्टचं निमित्त केलं. आता प्रोजेक्ट काय आहे हेही त्यांना सांगावं लागतं, म्हणून एक प्रोजेक्ट रचलाय, पाण्याची मोटर मोबाईलवरून चालू करण्याचा. वडिलांना तो फार आवडला. "कधी बसवतो म्हणत्यात आपल्या विहिरीवर."

सदाशिव काही बोलला नाही. त्याने मामांना अंडा भुर्जी सांगितली, पाव दुप्पट.

मामा तव्यावर कांदा टाकता टाकता म्हणाले, "तुम्ही काय ते पुस्तकातलं बोला. मला गल्ल्यात कळतं. निकालाच्या आठवड्यात पोहे उरतात आणि सिगारेट संपते. परीक्षा पुढं गेली की उधारीची वही फुगते. पास झालेला पोरगा पेढे घेऊन येतो, नापास झालेलाही येतो, उधारी फेडायला. जो मधल्यामधी असतो ना, तो येणंच बंद करतो. त्याची मला काळजी वाटते."

मामांचं शिक्षण सातवी. सायकोने वही असती तर लिहून घेतलं असतं, असा चेहरा होता.

पण मग तिने जे सांगितलं त्याने कट्टा गार झाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ ला देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यात महाराष्ट्र पहिला, १,७६४. "राजस्थानातलं ते क्लासेसचं गाव, कोटा, कोटा करतो आपण," ती म्हणाली, "यादीत वर आपणच आहोत." सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिलेत, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा.

"आमच्यात आहे," बार्शी म्हणाला. "पाटी लागलीय, समुपदेशन कक्ष. आत जुने ड्रॉइंग बोर्ड ठेवलेत. आणि चार्ज ज्या सरांकडं आहे, टर्म वर्कचे मार्कही त्यांच्याकडंच. त्यांना जाऊन सांगू, सर, मला तुमच्या विषयाची भीती वाटते?"

माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं, मार्क देणारा, हजेरी मांडणारा किंवा फी भरणारा तोच असतो. मला वायडी लागली तेव्हा मी घरी चार महिने सांगितलं नव्हतं, आणि त्या चार महिन्यांत मला गणिताने कमी आणि 'आज काय शिकवलं' या प्रश्नाने जास्त छळलं. हे मी तेव्हा कट्ट्यावर बोललो नाही, आत्ता लिहितोय. सदाशिवला अजून वाटतं की तात्याची थिअरी अपुरी आहे. असेल. तात्याला वाटतं सदाशिवच्या गळवांना आंबे कारणीभूत आहेत.

साडेदहाला मामांनी गॅस बारीक केला. तात्या उठला, अभ्यासिकेत त्याच्या खुर्चीवर टॉवेल टाकून आला होता, अकरानंतर टॉवेलला कोणी मान देत नाही. सदाशिव त्याच्याबरोबर निघाला, कोपऱ्यापर्यंत दोघं आंब्यांवरून भांडताना ऐकू येत होते.

बार्शी थोडा मागे राहिला. सायकोला म्हणाला, "तो सरकारी नंबर कुठलाय? मागं तू म्हणालीस तो. आमच्या रूम पार्टनरला पाहिजे."

"१४४१६. टेली-मानस. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. हवं तर नाव सांगायचं, नाहीतर नाही."

त्याने मोबाईल काढला. नऊ वाजताचे दोन मिस्ड कॉल वर दिसत होते, ते त्याने अंगठ्याने बाजूला सारले आणि नंबर टाकला. सेव्ह करताना नावापाशी अडला. मी शेजारीच उभा होतो, बघायचं नव्हतं पण दिसलं. थोडा विचार करून त्याने लिहिलं, 'एम-३ नोट्स'.