इतिवृत्त कोण लिहितो?

‘गटात ज्याच्याकडे पद, त्याच्याकडेच सत्ता’ हे गटांतील सत्तेविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेत ११ वर्षांत तीन अध्यक्ष झाले. परंतु विषयपत्रिकेत काय घ्यायचे आणि इतिवृत्त, म्हणजे सभेच्या कामकाजाची नोंद, कोणत्या शब्दांत लिहायचे, हे ठरवणारे गृहस्थ एकच राहिले, आणि आता तर ते समितीवरही नाहीत. गच्चीच्या गळतीच्या कामासाठी तीन निविदा मागवाव्यात, असे मी वार्षिक सभेत उभे राहून सांगितले होते, चौघांनी अनुमोदनही दिले होते. पुढच्या सभेत त्या जागी ‘दुरुस्तीबाबत चर्चा झाली’ एवढीच ओळ वाचली गेली आणि चहाचे कप फिरत असतानाच इतिवृत्त कायम झाले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रत्येक सभासदाला एक मत देतो, हे खरे. पण जो प्रश्न मतदानापर्यंत पोहोचूच दिला जात नाही, त्यावर ते मत वापरायचे तरी कसे? आमच्या मजल्यावरील एका ज्येष्ठ काकूंनी देखभाल शुल्काच्या आकारणीवर सलग तीन वर्षे हरकत घेतली, पण वहीत तिची एकदाही नोंद नाही. त्यांची हरकत आता आम्ही लेखी देतो आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलत नाही.