थेट नागपूर गाठण्याचा जीवघेणा सल्ला

‘उपकेंद्रात पडद्यावरचा डॉक्टर दाखवून गरिबांची फसवणूक चालली आहे, तेथील कर्मचाऱ्यांना कितीही शिकवले तरी उपयोग नाही, ताप असो वा सर्पदंश, प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळ न दवडता थेट नागपूर गाठा,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील आमच्या मोठ्या आईने तो वाचला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उपकेंद्रात जाणे बंद केले. ‘आता कायले जाऊ तिथं?’ हे तिचे उत्तर ऐकल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

यातील सर्पदंशाचा सल्ला सरळसरळ जीवघेणा आहे. घाटंजीहून नागपूरला रस्ता मोकळा असला तरी तीन तास सहज जातात. मण्यार चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि पुढे श्वासच थांबतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावरचे इंजेक्शन आरोग्य केंद्रात एक आणि नागपुरात दुसरे, असे नसते. घोणस चावल्याचा संशय असल्यास २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर विष भिनले आहे असे समजून इंजेक्शन सुरू करायचे असते. (नळी साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो; प्रशिक्षण लागते ते अशाच गोष्टींसाठी.) त्याच २० मिनिटांत वैद्यकीय अधिकाऱ्याला जिल्ह्याच्या तज्ज्ञाशी फोनवर बोलता येते. रुग्णाला पुढे पाठवायचेच असेल, तर पहिली मात्रा सुरू करून पाठवावे.

शिकवून उपयोग नाही म्हणणाऱ्यांनी विदर्भातल्याच गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत तयार केले. ३९ गावांतील या कामाचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के घट. मग उपकेंद्रातल्या पदवीधर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला शिकवणे व्यर्थ कसे?

फसवणुकीच्या आरोपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दूरस्थ सल्ला केवळ नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो, आणि ई-संजीवनी या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेवर उपकेंद्रातून जोडून घेताना रुग्णाजवळ रक्तदाब मोजणारा आरोग्य अधिकारी बसलेला असतो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. पडद्यावरून पोट दाबून पाहता येत नाही, मेळघाटातल्या कित्येक गावांत रेंजच मिळत नाही, आणि डॉक्टरांची पदे रिकामी ठेवून त्या जागी टॅब बसवणार असाल, तर आमचाही त्याला विरोधच राहील. परंतु ही तक्रार ग्रामसभेत ठराव करून जिल्हा परिषदेकडे न्यायची आहे. त्यासाठी रुग्णाला उपकेंद्राच्या दारातून परत फिरवण्याचे कारण नाही.