जॉनी कॅश संपलेला नव्हता: १९९४ च्या अल्बमबद्दल फिरणारी गोष्ट आणि खरं काय झालं

जॉनी कॅशची एक गोष्ट सारखी फिरत असते, तुमच्याकडेही कधीतरी आली असेल. थोडक्यात अशी: अमेरिकेतला कंट्री, म्हणजे तिथलं ग्रामीण ढंगाचं संगीत गाणारा एक म्हातारा गायक, कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीने १९८६ साली त्याला हाकलला, पुढची सात-आठ वर्षं तो घरी बसून होता, जग त्याला विसरून गेलं होतं, मग रॅप आणि मेटलवाला प्रोड्युसर रिक रुबिन आला, त्याने म्हाताऱ्याच्या हातात नुसती गिटार दिली, नव्या पोरांची रॉक गाणी गायला लावली, 'हर्ट' हे गाणं रेकॉर्ड झालं आणि रुबिनच्या छोट्या नव्या कंपनीतला पहिलाच अल्बम एका रात्रीत नंबर वन. खाली मग हार मानू नका, योग्य माणूस भेटला की आयुष्य बदलतं वगैरे.

मला हा अल्बम, म्हणजे १९९४ चा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज', जीवापाड आवडतो, म्हणूनच ही गोष्ट वाचली की त्रास होतो, कारण त्यात अल्बम ज्याने केला तो माणूसच गायब आहे. सगळं रुबिनने केलं आणि कॅश नुसता खुर्चीत बसून होता असं वाटतं वाचणाऱ्याला. तर एकेक मुद्दा घेतो.

"कंपनीने हाकलला." हो, कोलंबियाने १९८६ ला करार पुढे नेला नाही हे खरंच आहे, आणि १९५८ पासून म्हणजे २८ वर्षं जो माणूस तुमच्याकडे आहे, ज्याने तुम्हाला फॉल्सम आणि सॅन क्वेंटिन तुरुंगातले लाइव्ह अल्बम दिले, त्याला असं सोडणं मला आजही पटत नाही. पण गोष्ट एवढी सरळ नाहीये. १९८५ ला कॅश, विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज आणि क्रिस क्रिस्टॉफरसन ह्या चौघांचा 'हायवेमन' कोलंबियानेच काढला होता आणि तो कंट्री चार्टवर पहिला आला होता, म्हणजे माणूस विकला जात होता, फक्त त्याचे एकट्याचे अल्बम विकले जात नव्हते. आणि ते का विकले जात नव्हते ह्यात कंपनीचाही हात आहे. १९८४ ला त्याच्याकडून 'चिकन इन ब्लॅक' नावाचं एक विनोदी गाणं करून घेतलं, व्हिडिओत त्याला सुपरहिरोसारखे कपडे घातले, त्याला स्वतःला ते गाणं अजिबात सहन व्हायचं नाही. त्याच सुमाराला बिली शेरिल ह्या प्रोड्युसरबरोबर केलेली चांगली गाणी मात्र कंपनीने बाहेरच काढली नाहीत, त्या टेप्स कॅश वारल्यावर त्याच्या मुलाला सापडल्या आणि २०१४ ला 'आउट अमंग द स्टार्स' म्हणून अल्बम आला. आता ह्याला गायक संपला म्हणायचं का?

अजून एक. कॅशला सोडल्यावर दोनच वर्षांत, १९८८ ला, कोलंबियाचं एक गाणं कंट्रीमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, 'टेनेसी फ्लॅट टॉप बॉक्स'. गायिका रोझॅन कॅश, म्हणजे त्याची मुलगी. आणि गाणं कोणाचं, तर जॉनी कॅशने १९६१ ला लिहिलेलं आणि गायलेलं. हे त्या फिरणाऱ्या गोष्टीत कधीच नसतं.

"सात-आठ वर्षं घरी बसून होता." हे तर साफ खोटं. कोलंबिया सुटल्यावर तो मर्क्युरी कंपनीत गेला आणि तिथे त्याचे १९८७ ते १९९१ मध्ये एकामागून एक अल्बम आले. १९८७ चा अल्बम जॅक क्लेमेंटने केला, हा सन रेकॉर्ड्स ह्या कॅशच्या पहिल्या कंपनीच्या दिवसांपासूनचा त्याचा जुना दोस्त, आणि १९८८ च्या अल्बमवर तर पॉल मॅकार्टनी त्याच्याबरोबर गायलाय. त्याच वर्षाच्या शेवटी हृदयाची बायपास झाली, त्यातून उठून परत दौरे सुरू. १९९० ला हायवेमनचा दुसरा अल्बम, तोही परत कोलंबियाकडूनच. १९९२ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, कंट्री हॉल ऑफ फेममध्ये तर १९८० पासूनच होता. १९९३ ला यू-टू बँडच्या अल्बममधलं शेवटचं गाणं 'द वाँडरर' पूर्ण कॅशने गायलंय, आणि तो अल्बम रुबिनच्या अल्बमच्या आधीचा आहे बरं का. ज्याला जग विसरलंय त्याला असं कोण बोलावतं?

वाईट दिवस होते हे मी नाकारत नाहीये. मर्क्युरीने त्याच्या अल्बमांसाठी फारसं काही केलं नाही, शेवटच्या अल्बमच्या जेमतेम पाचशे प्रती छापल्या असं कानावर आल्याचं त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. ब्रॅन्सन नावाच्या गावात त्याच्या नावाचं थिएटर होणार होतं ते बुडालं, रिकाम्या खुर्च्यांसमोर कार्यक्रम केले. पण काम चालू होतं. आणि २०२४ मध्ये 'साँगरायटर' नावाचा अल्बम आला ना, तो नुसता ऐका, त्यातला कॅशचा आवाज १९९३ च्या सुरुवातीला नॅशविलच्या, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीतल्या, एका स्टुडिओत केलेल्या डेमोंचा (कच्च्या रेकॉर्डिंगचा) आहे, म्हणजे रुबिनबरोबर काम सुरू होण्याच्या आधीचा, सगळी त्याची स्वतःची गाणी. करार नाही तरी माणूस नवी गाणी लिहून रेकॉर्ड करून ठेवतोय.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे. "एकट्याने गिटार घेऊन गाण्याची आयडिया रुबिनची."

कॅशच्या डोक्यात असा अल्बम कितीतरी वर्षं होता. रात्री उशिरा, एकटा, फक्त गिटार, असा अल्बम करायची इच्छा त्याने आत्मचरित्रात सांगितलीय, अगदी नावही ठरवलं होतं. कंपनीवाल्यांना त्यात रस नव्हता, कारण नॅशविलची पद्धत अशी की प्रोड्युसर ठरवणार, ठरलेले सेशनवाले वादक येणार, रेडिओवर वाजेल असं गाणं दोन-तीन तासांत उरकायचं, वर व्हायोलिन नाहीतर कोरस चढवायचा. तुम्ही म्हणाल इच्छा काय सगळ्यांनाच असते. पण त्याने नुसती इच्छा धरली नव्हती, करून ठेवलं होतं! १९७३ साली टेनेसीतल्या हेंडरसनविलला त्याच्या स्वतःच्या 'हाउस ऑफ कॅश' स्टुडिओत तो एकटा बसला आणि गिटारवर गाणी रेकॉर्ड करत गेला, लहानपणीची गाणी, आईने शिकवलेली, चर्चमधली, स्वतःची, मधे मधे गाण्याबद्दल बोलतोय. त्या टेप्स तशाच पडून होत्या, २००६ ला 'पर्सनल फाइल' म्हणून दोन सीडी आल्या, ४९ गाणी. एकदा ह्या सीडी ऐका आणि मग १९९४ चा अल्बम ऐका. तोच माणूस, तीच बसायची पद्धत, तोच अंगठ्याचा ठोका, फक्त आवाज वीस वर्षांनी जड झालेला. रुबिन १९७३ मध्ये दहा वर्षांचा होता.

मग रुबिनने काय केलं? त्याने 'हो' म्हटलं. हे मी कमी लेखत नाहीये, उलट हेच मोठं आहे, कारण त्याच्या आधी वीस वर्षं कोणी म्हटलं नव्हतं. लॉस एंजेलिसला स्वतःच्या घरातल्या दिवाणखान्यात कॅशला बसवलं, सांगितलं तुला आवडतात ती गाणी गा, आणि ऐकत बसला. नंतर वेगवेगळ्या वादकांना बोलावून बँडबरोबरही करून बघितलं, आणि मग शांतपणे ठरवलं की नाही, ती पहिली एकट्याची रेकॉर्डिंगच खरी आहेत. हे ठरवायला हिंमत लागते, १९९४ साली नुसत्या आवाज-गिटारचा अल्बम बाजारात आणणं म्हणजे रेडिओवर पाणी सोडणं. बाकीची गाणी कॅशच्या हेंडरसनविलच्या केबिनमध्ये झाली आणि दोन वायपर रूम नावाच्या क्लबमध्ये लोकांसमोर. त्या क्लबच्या कार्यक्रमाआधी कॅश घाबरला होता, कारण चाळीस वर्षांच्या करिअरमध्ये मागे बँड नाही असं स्टेजवर तो कधी उभाच राहिला नव्हता. इथे ढकलायला रुबिन होता, हे श्रेय त्याचं, पूर्ण त्याचं.

"नव्या पोरांची रॉक गाणी गायला लावली." गाण्यांची यादी बघितली तरी हे कोसळतं. तेरा गाणी. पहिलंच 'डिलियाज गॉन', जुनं लोकगीत, कॅशने १९६२ च्या अल्बमवर आधीच गायलेलं. 'टेनेसी स्टड' जिमी ड्रिफ्टवुडचं, पन्नासच्या दशकातलं. 'ओ बरी मी नॉट' गुराख्यांचं जुनं गाणं. 'व्हाय मी लॉर्ड' दोस्त क्रिस्टॉफरसनचं. 'द बीस्ट इन मी' निक लोचं, आणि हा निक लो एकेकाळी कॅशचा जावई, म्हणजे त्याची बायको जून कार्टर हिच्या मुलीचा नवरा, सासऱ्यासाठीच ते गाणं त्याने लिहायला घेतलं होतं. लेनर्ड कोहेन, टॉम वेट्स, लाउडन वेनराइट, ह्यातलं कोणीही तेव्हा नवं पोर नव्हतं. मेटलच्या जगातलं म्हणाल तर एकच, ग्लेन डॅनझिगचं 'थर्टीन', आणि तेही त्याने कॅशसाठी म्हणून लिहिलेलं. आणि चार गाणी कॅशची स्वतःची! माझ्या मते अल्बमचा कणा हीच चार आहेत. त्यातलं 'ड्राइव्ह ऑन' व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाचं आहे, कॅश १९६९ ला तिथे जाऊन सैनिकांसमोर गायला होता, 'लाइक अ सोल्जर' स्वतःच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचं आहे. 'लाइक अ सोल्जर' मध्ये काही ओळींवर आवाज थोडा हलतो आणि तो तसाच ठेवलाय, मला अख्ख्या अल्बममध्ये ती जागा सर्वात जास्त आवडते. ह्या गाण्यांचं नावसुद्धा त्या फिरणाऱ्या गोष्टीत नसतं, सगळा भर दुसऱ्यांच्या गाण्यांवर.

आणि तरुण गीतकारांची गाणी शोधून गायची सवय त्याला आधीपासूनच. बॉब डिलन नवीन होता तेव्हा १९६५ च्या अल्बमवर त्याची तीन गाणी गायला, १९८३ ला ब्रूस स्प्रिंगस्टीनची दोन, १९८७ ला मर्क्युरीच्या पहिल्या अल्बमवर एल्व्हिस कॉस्टेलोचं. म्हणजे ही गोष्ट त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

'हर्ट' बद्दल पटकन सांगतो. ते ह्या अल्बममध्ये नाहीच. ते रुबिनबरोबरच्या चौथ्या अल्बममध्ये आहे, २००२ च्या नोव्हेंबरचा, मधे आठ वर्षं आणि दोन अल्बम गेलेत आणि कॅशची तब्येत पार ढासळलीय. १९९४ चा माणूस ६२ वर्षांचा, ताठ, जूनमध्ये इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवात हजारो तरुणांसमोर उभा राहून गाणारा. दोन्ही एकत्र केले की १९९४ चा अल्बमही मरणाच्या दारातल्या माणसाचा वाटायला लागतो, आणि तो तसा अजिबात नाहीये, त्यात राग आहे, विनोद आहे, देवाशी बोलणं आहे.

"एका रात्रीत नंबर वन." बिलबोर्ड ह्या अमेरिकन संगीत-मासिकाच्या मुख्य चार्टवर हा अल्बम जास्तीत जास्त ११० पर्यंत गेला, कंट्री चार्टवर २३. कंट्री रेडिओने वाजवलाच नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, १९९५ ला ग्रॅमी मिळालं, पण तेही कंट्रीमध्ये नाही, कंटेम्पररी फोकमध्ये. कंट्रीचं ग्रॅमी दुसऱ्या अल्बमला, १९९८ ला मिळालं, आणि तेव्हाही रेडिओ गप्पच होता म्हणून रुबिनच्या कंपनीने बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात दिली, कॅशचा सॅन क्वेंटिनमधला मधलं बोट दाखवणारा फोटो आणि नॅशविलच्या मंडळींचे पाठिंब्याबद्दल आभार. एका रात्रीत यश मिळालेला माणूस चार वर्षांनी अशी जाहिरात देतो का? मुख्य चार्टवर पहिला नंबर आला २००६ ला, पाचव्या अल्बमला, १९६९ नंतर पहिल्यांदा. कॅश सप्टेंबर २००३ मध्येच गेला होता.

राहिला शेवटचा मुद्दा, "मोठ्या कंपनीतून छोट्या कंपनीत गेला आणि नशीब उघडलं." कंपनी बदलल्याने काही होत असतं तर ते मर्क्युरीत झालं असतं. तिथेही तोच आवाज होता, जुना दोस्त प्रोड्युसर होता, मॅकार्टनी होता, पण गाण्यावर काय काय चढवायचं ह्याची पद्धत तीच जुनी राहिली. १९९४ ला बदललं ते हे, की कोणतं गाणं घ्यायचं आणि ते कधी पूर्ण झालं हे दोन माणसं समोरासमोर बसून ठरवत होती, घाई नव्हती, दुसऱ्या कोणाला विचारायचं नव्हतं. आणि छोटी कंपनी म्हणाल तर माल दुकानात पोचवायचं काम वॉर्नर करत होती, ती काही छोटी नाही. पुढे तर अजून गंमत झाली, २००० साली तिसरा अल्बम आला त्यावर रुबिनच्या कंपनीबरोबर नाव कोणाचं, तर कोलंबियाचं! आणि ज्यात 'हर्ट' आहे तो चौथा अल्बम युनिव्हर्सलच्या छत्राखाली आला, मर्क्युरी तोवर त्याच समूहात गेली होती. म्हणजे १९८६ ला आणि १९९१ ला ज्या दोन ठिकाणांहून तो बाहेर पडला, त्यातल्या एका कंपनीमार्फत तिसरा आणि दुसरीच्या समूहामार्फत चौथा अल्बम लोकांपर्यंत गेला, आणि रेकॉर्डिंग मात्र तेव्हाही मुख्यतः हेंडरसनविलच्या केबिनमध्ये आणि रुबिनच्या घरीच होत होतं.