कोचला हाकला, हो, पण आणणार कोणाला?

आमच्या मित्रांच्या फुटबॉल ग्रुपमधल्या एकाची नॅशनल टीम हरली. मॅच संपून चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती आणि ग्रुपवर पोल येऊन पडला. पुढचा कोच कोण? खाली चार नावं. त्यातले तिघं आत्ता कुठल्या ना कुठल्या क्लबला बांधलेले, आणि चौथा झिदान. झिदान आमच्या प्रत्येक पोलमध्ये असतो. २०२१ ला त्याने रियाल माद्रिद या क्लबचं कोचपद सोडलं, तेव्हापासून आठ-नऊ देशांचा कोच तरी आम्ही त्याला करून झालोय, बिचाऱ्याला पत्ताही नाही.

टीम कुठली ते मुद्दाम सांगत नाहीये, कारण मग खाली कॉमेंटमध्ये तीच एक टीम धरून हाणामारी सुरू होईल आणि मला जे बोलायचंय ते राहील बाजूला. आमचा ग्रुप सात जणांचा. एक ब्राझीलवाला, एक जर्मनीवाला, एक इंग्लंडवाला, दोन स्पेनवाले, एक जण कुठल्याच टीमचा नाही पण सगळ्यांच्या जखमेवर मीठ चोळायला हजर, आणि मी अर्जेंटिनावाला. त्यामुळे दर वर्ष-दोन वर्षांनी कोणाच्या तरी घरी सुतक असतंच, आणि चर्चा दर वेळी तीच. आधी दोन दिवस शिव्या, मग नावं, मग नावांवरून आपापसात शिव्या.

कोच एकदा मनातून उतरला ना, की नावडतीचं मीठ अळणी. साठाव्या मिनिटाला सब केला, म्हणजे खेळाडू बदलला, तर घाबरला, ऐंशीव्या मिनिटाला केला तर झोपला होता. नवा पोरगा खेळवला तर प्रयोग करतोय, जुनाच खेळवला तर लाडका आहे म्हणून. इंग्लंडचा तेव्हाचा कोच साउथगेट आठवा. युरो २०२४ (युरोपातल्या देशांची स्पर्धा), कोलोनमध्ये स्लोव्हेनियाशी ०-०, मॅच संपल्यावर हा प्रेक्षकांसमोर जाऊन टाळ्या वाजवतोय आणि वरून अंगावर प्लास्टिकचे ग्लास येतायत. इंग्लंड ग्रुपमध्ये पहिलं आलं होतं हो! आणि तीच टीम पुढे फायनलला गेली. आता खेळ रटाळ होता हे कबूल, मी स्वतः सेकंड हाफमध्ये डुलकी काढली होती, इंग्लंडवाल्याला हे अजून माहीत नाही, आता कळेल. पण रटाळ खेळणं वेगळं आणि वाया जाणं वेगळं, आणि हरल्याच्या रात्री हा फरक कोणालाच करायचा नसतो. मलाही नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नावाच्या आधी बिघाड सांगा. गाडी बंद पडली तर आपण आधी विचारतो ना बॅटरी गेलीय की क्लच, की सरळ जगातला सगळ्यात महागडा मेकॅनिक कोण ते शोधायला लागतो?

आणि नॅशनल टीमचा कोच हे कामच वेगळं आहे, हे आपण कायम विसरतो. क्लबचा कोच पोरांना रोज भेटतो. प्रीसीझनचे आठवडे, मग सीझनभर ट्रेनिंग, लेफ्ट बॅक बरा नसेल तर जानेवारीत नवा विकत आणा. इथे ते काही नाही. इंटरनॅशनल ब्रेक म्हणजे साधारण दहा दिवस, तेही वर्षातून चार-पाचदा. ते दहा दिवस कसे जातात ते बघा. रविवारी रात्री अर्धे खेळाडू क्लबची मॅच खेळतायत. सोमवारी कोणी संध्याकाळी पोचतो, कोणी मंगळवारी पहाटे दुसऱ्या खंडातून, डोळे तारवटलेले. मंगळवारी, ज्यांनी नव्वद मिनिटं काढलीयत ते फक्त सायकल मारणार आणि मसाज घेणार. बुधवारी एक खरी ट्रेनिंग. गुरुवारी किंवा शुक्रवारी मॅच. परत विमान, परत आराम, परत एक-दीड ट्रेनिंग, दुसरी मॅच, टाटा. म्हणजे हातात पूर्ण टीम घेऊन धड ट्रेनिंग किती मिळाल्या, तीन? त्यातही दोघं मांडी धरून परत गेलेले आणि त्यांच्या क्लबचा डॉक्टर फोनवर तापलेला.

आता मला सांगा, ज्या माणसाची सिस्टिम क्लबमध्ये बसायला सहा-आठ महिने लागतात, तो या तीन ट्रेनिंगमध्ये काय बसवणार? डावपेच नको असं नाही म्हणत मी, पण इथे जास्त महत्त्वाचं आहे की सव्वीस जणांत कोणाला घ्यायचं, कोणाला घरी ठेवायचं, दोन क्लबची भांडणं एका ड्रेसिंग रूममध्ये कशी मिटवायची, आणि जे पोरं आधीच करतायत त्यातलंच सोपं काय उचलायचं. पोलमध्ये नावं टाकताना यातला एकही प्रश्न आम्ही कधी विचारलेला नाही.

ब्राझीलवाल्याने जे भोगलं ते तर ऐकाच. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरले, कोच तिते गेला. मग फेडरेशनच्या डोक्यात एकच, अँचेलोटी. तो रियाल माद्रिदचा कोच. तरी त्यांच्या अध्यक्षाने सांगून टाकलं की २०२४ च्या कोपापासून (कोपा अमेरिका, दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) येतोय. तोवर काय? आधी रामोन मेनेझेस तात्पुरता, मग फर्नांडो दिनिझ तात्पुरता, आणि दिनिझ त्याच वेळी फ्लुमिनेन्सेचाही कोच! एक पाय इथे, एक पाय तिथे. क्लबला त्याने लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकून दिली, आणि ब्राझीलचं काय, तर उरुग्वे, कोलंबिया, अर्जेंटिना असे लागोपाठ तीन क्वालिफायर हरले, अर्जेंटिनाविरुद्ध तर माराकानावर, घरच्या मैदानावर वर्ल्ड कप क्वालिफायर हरायची ती त्यांची पहिलीच वेळ. आणि इकडे डिसेंबर २०२३ मध्ये अँचेलोटीने रियालचंच कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जानेवारीत दिनिझ गेला, दोरिवाल आला, मार्च २०२५ मध्ये बुएनोस आयरेसला ४-१ खाल्ल्यावर दोरिवालही गेला, आणि अखेर मे २०२५ मध्ये अँचेलोटी आला. वर्ल्ड कपच्या चार वर्षांतली जवळजवळ अडीच वर्षं एका माणसाची वाट बघण्यात गेली. अँचेलोटी भारीच आहे, त्यात वादच नाही, पण आमचा ब्राझीलवाला त्या काळात लाइनअपसुद्धा बघायचा नाही, म्हणायचा खरा कोच आला की सांगा.

आता माझंच पाप. मागच्या महिन्यात काहीतरी शोधत ग्रुपवर जुने मेसेज चाळत होतो तर ऑगस्ट २०१८ चा माझाच मेसेज सापडला. कोच साम्पाओली गेला होता आणि अर्जेंटिनाने त्याच्याच स्टाफमधला लिओनेल स्कालोनी तात्पुरता म्हणून बसवला होता, सोबतीला पाब्लो आयमार. मी लिहिलंय, जसंच्या तसं, "हा कोण? याने आयुष्यात एक तरी सीनियर टीम सांभाळलीय का? लाज काढली फेडरेशनने." तथ्य म्हणून चूक नव्हतं ते, चाळीस वर्षांचा माणूस, खरंच एकही सीनियर टीम मुख्य कोच म्हणून सांभाळलेली नव्हती. २०१९ च्या कोपात पहिलीच मॅच कोलंबियाकडून हरलो तेव्हा मी परत लिहिलंय, यावेळी शिव्यांसकट. पुढचं सांगायला नको. कोपा २०२१, वर्ल्ड कप २०२२, कोपा २०२४. आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये पहिलीच मॅच सौदीकडून हरल्यावर आठ दिवसांत त्याने काय केलं बघा, नवी सिस्टिम वगैरे नाही आणली, मॅकअॅलिस्टरला आत घेतलं, मग पुढच्या मॅचला एन्झो आणि अल्वारेझ सुरुवातीपासून. तीन पोरं बदलली आणि टीम वेगळीच दिसायला लागली. मोठ्या नावाचा कोच असता तर एवढ्या लवकर स्वतःची पहिली निवड चुकली हे मान्य केलं असतं का, मला शंका आहे. (ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतोय माझा, माहितीय मला.)

स्पेनवाल्यांचंही तेच. लुइस एन्रिके गेला आणि दे ला फुएन्ते आला तेव्हा हे दोघं तोंड पाडून बसले होते, ज्युनियर टीमचा मास्तर म्हणे. दुसऱ्याच मॅचला, मार्च २०२३, स्कॉटलंडकडून २-० हरले आणि यांनी लगेच पोल टाकला. पण तो माणूस २०१५ ची अंडर-१९ युरो आणि २०१९ ची अंडर-२१ युरो याच पोरांना घेऊन जिंकलेला. रॉद्री, मेरिनो, उनाई सिमोन हे त्या अंडर-१९ मधले, फाबियान, ओल्मो, ओयारसाबाल अंडर-२१ मधले. त्याला तीन ट्रेनिंग पुरतात कारण ओळखपरेडमध्ये वेळ जात नाही. युरो २०२४, सातपैकी सात मॅच जिंकल्या, जर्मनीविरुद्ध ११९ व्या मिनिटाला मेरिनो, फायनलला ८६ व्या मिनिटाला ओयारसाबाल. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं, आपल्याला शेजारच्या क्लबमधला कोच डोंगराएवढा दिसतो, दुरून डोंगर साजरे.

मग काय, कोचला कधी काढूच नये? तसं नाही. मोरोक्कोने काढलाच ना. कोच हालिलहोदझिचने त्यांना २०२२ च्या वर्ल्ड कपला पात्र करून दिलं होतं, तरी ऑगस्टमध्ये, म्हणजे वर्ल्ड कपला तीनच महिने असताना त्याला नारळ दिला. वेडेपणा वाटला होता मला. पण बिघाड काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं, कोचचं मोठ्या खेळाडूंशी पटत नव्हतं, त्यांचा स्टार झियेश तर देशासाठी खेळणार नाही म्हणून घरी बसलेला. वालिद रेग्रागुई आला, झियेशला परत आणलं, आणि बेल्जियम, स्पेन, पोर्तुगाल सगळ्यांना पाणी पाजून सेमीफायनल, आफ्रिकेतली पहिली टीम. रेग्रागुई काही जगप्रसिद्ध नाव नव्हतं तेव्हा, वायदादला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला माणूस, एवढंच. पण रोग ड्रेसिंग रूममध्ये होता आणि औषध त्याच रोगाचं आणलं.

जर्मनीवाल्याचा किस्सा उलटा आहे. सप्टेंबर २०२३, जपानकडून घरी ४-१, दुसऱ्या दिवशी कोच फ्लिकची हकालपट्टी, १९२६ मध्ये ते पद तयार झालं तेव्हापासून जर्मनीने पहिल्यांदाच कोचला काढलं. दोन दिवसांनी तात्पुरता कोच रूडी फोलरने बाकावर बसून फ्रान्सला २-१ हरवलं आणि आमचा माणूस नाचायला लागला, बघा कोचच वाईट होता. मग नागेल्समन आला आणि नोव्हेंबरमध्ये तुर्की आणि ऑस्ट्रिया दोघांकडून हरले. परत सुतक. फरक कधी पडला? मार्च २०२४ मध्ये, नॅशनल टीममधून निवृत्त झालेल्या टोनी क्रोसला परत बोलावलं तेव्हा. फ्रान्स आणि नेदरलँड्सला लागोपाठ हरवलं. मधल्या फळीत बॉल धरून ठेवणारा एक माणूस नव्हता, एवढाच बिघाड होता, आणि आम्ही सहा महिने कोचच्या टॅक्टिक्सवर प्रबंध लिहीत होतो.

इंग्लंडवाला यावर मला म्हणाला, तुझं सगळं घरच्या माणसांचं कौतुक आहे, मग आमच्या टुखेलचं काय, तो तर जर्मन? बरोबर विचारलं त्याने. १९३० ते २०२२ बावीस वर्ल्ड कप झाले, आणि प्रत्येक वेळी जिंकणारा कोच त्याच देशाचा निघाला, हे मी त्याच्या तोंडावर फेकलं. त्याने लगेच ओटो रेहागेल काढला, जर्मन माणूस, ग्रीसला घेऊन २००४ ची युरो जिंकला. आता यावर काय बोलणार, तो एकटा रेहागेल माझ्या बावीस वर्ल्ड कपवर पाणी ओतून गेला. पण त्याचंही बघा ना, त्याने ग्रीसला सुंदर फुटबॉल शिकवायचा प्रयत्न नाही केला, पोरांना जे जमतं तेच घट्ट करून घेतलं, क्वार्टर, सेमी, फायनल तिन्ही १-०. पासपोर्ट कुठला हा मुद्दा नाहीच माझा.

तर या वेळच्या टीमचं माझं मत, विचारलं नाहीये तरी सांगतो. दोन सेंटर बॅक वयाने संपलेत आणि त्यांना बाहेर बसवायची हिंमत कोणात नाही. एवढंच आहे. त्यामुळे मला असा माणूस हवा ज्याला अंडर-२१ ची पोरं नावानिशी माहीत आहेत आणि ज्याला त्या दोघांना फोन करून "थँक यू" म्हणताना घाम फुटणार नाही. तो फेडरेशनच्या पगारावर आधीच असू शकतो. त्याच्या नावाने जर्सी खपणार नाही, पोलमध्ये त्याला दोन मतं पडतील आणि त्यातलं एक माझं असेल.

कॉमेंटमध्ये नावं टाका, जरूर टाका, पण सोबत एक ओळ लिहा की तो येऊन नक्की काय दुरुस्त करणार. नुसतं नाव टाकणाऱ्याला उत्तर देणार नाही. झिदान लिहिणाऱ्याला तर नाहीच नाही.