ओपन होल, चांदी आणि पिकोलो : खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इतरांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलगी नववीत, शाळेच्या बँडमध्ये फ्लूट (धातूची पाश्चात्त्य आडवी बासरी) वाजवते. तिचे मास्तर लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. ते म्हणतात, आता ओपन होलचा (चाव्यांना मधोमध भोक असलेला), बी-फूटवाला (शेवटचा तुकडा लांब असलेला), चांदीचा फ्लूट घ्या आणि जमलं तर लाकडी पिकोलो, म्हणजे छोटा फ्लूटही. मी मात्र लेखात लिहिलं होतं की पैसे आधी हेडजॉइंटवर, म्हणजे ओठ लावायच्या वरच्या तुकड्यावर घाला आणि पिकोलो प्लॅस्टिकचाही चालेल. त्यावर तुमचा सवाल : "बेळगावच्या पोरांनी जन्मभर शिकाऊ वाद्यावरच राहायचं काय?"

नाही हो. पोरगी पुढं जायला निघाली आहे म्हणूनच पैसा कुठं लागतो आणि कुठं नुसता चमकतो, ते बघायचं.

फ्लूटचा आवाज ओठांपाशी ठरतो. फुंकर भोकाच्या पलीकडच्या कडेवर आदळते. ती कड कशी कापली आहे, भोकाची भिंत किती उंच आहे, आतून ती कशी कोरली आहे, यावर खालचा सी भरीव येणार की फुसका आणि तिसऱ्या सप्तकातला ई सरळ येणार की किंचाळणार, हे ठरतं. हे सगळं हेडजॉइंटमध्ये असतं. नळी चांदीची केल्यानं त्यात फार भर पडत नाही. जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९७१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. हेडजॉइंट एकसारखे, नळ्या मात्र चांदीची, तांब्याची आणि लाकडाची. नुसतं ऐकून कुठली कशाची ते कुणाला ओळखता आलं नाही. मग महागडा फ्लूट गोड का वाजतो? कारण ज्या कारखान्यात चांदी वापरतात तिथं भोक कोरायला आणि पॅड (चावीखालच्या गाद्या) बसवायलाही जास्त वेळ देतात. यामाहाचंच घ्या. २०० च्या मालिकेत सगळी नळी चांदीचा मुलामा दिलेली, ३०० मध्ये हेडजॉइंट चांदीचा, ४०० मध्ये बाकीची नळीही चांदीची. तुमच्या मुलीला २०० वरून ३०० वर जाताना जेवढा फरक जाणवेल, तेवढा ३०० वरून ४०० वर जाताना जाणवणार नाही, असं माझं मत. ९२.५ टक्के चांदीचं कौतुक शहापूरच्या सराफाला जास्त.

आता ओपन होल. इथं मास्तरांचं अर्धं बरोबर आहे. चाव्यांना मधोमध भोक असलं की बोट तिरकं पडून चालत नाही, हात आपोआप वळणावर येतो. शिवाय बोट हळूहळू सरकवून सूर ओढता येतो. मुलगी उद्या फ्लूटवर रागदारी वाजवायला बघणार असेल, तर मींडेसाठी याचा खराखुरा उपयोग आहे. पण त्यानं आवाज मोठा होत नाही की वाद्य आपोआप सुरात येत नाही. बंद चाव्यांवर वाजवणारे मोठे वादक युरोपात आहेत. बी-फूटनं खाली एकच सूर वाढतो आणि टोकाकडचं वजन वाढतं. शाळेच्या बँडच्या मार्चमध्ये तो सूर शोधून सापडला तर मला कळवा. स्प्लिट-ई (वरच्या ई साठीची जादा यंत्रणा) आणि ऑफसेट-जी (डाव्या अनामिकेची चावी जरा बाहेर सरकवलेली) या दोन गोष्टी मात्र जरूर मागा. पहिलीनं तो वरचा ई सोपा होतो, दुसरीनं लहान हाताच्या अनामिकेला ओढाताण होत नाही. दुकानदार यांचं नाव काढत नाहीत, कारण त्या काचेआडून दिसत नाहीत.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाही. जुना फ्लूट खरंच संपला आहे का, ते आधी तपासा. पुसायच्या सळईवर एक खूण असते. ती आत घातली की खूण भोकाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे हेडजॉइंटच्या बंद टोकातल्या बुचापासून १७ मिलिमीटरवर दिसली पाहिजे. बुच सरकलं असेल तर सप्तकं आपसात जुळत नाहीत आणि बिचाऱ्या पोरीला बोलणी बसतात. मग पॅड. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली धरून चावी हलकेच मिटा आणि कागद ओढा. कुठल्या बाजूनं सैल निघतो ते कळेल. (निपाणीची विडी उपयोगाची नाही, ती पानाची.) पॅड म्हणजे पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला नमदा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर तो ओल धरतो आणि फेब्रुवारीत सुकतो. एवढ्यात चावीतून हवा गळायला लागते आणि आपण म्हणतो वाद्य जुनं झालं. पॅड बसवणारा माणूस पेटी दुरुस्त करणाऱ्यासारखा सहज सापडत नाही, म्हणून नवा फ्लूट घेताना दुरुस्ती कोण करणार हे दुकानातच विचारून घ्या.

पिकोलोवर तुमचा राग जास्त आहे, माझं मत मात्र तिथंच पक्कं आहे. लाकडी पिकोलो गोड, यात वाद नाही. खोलीत, मंचावर तोच. पण १५ ऑगस्टला मैदानावर किंवा गणपतीच्या मिरवणुकीत पोरगी उभी राहणार ती पावसात. बाहेर गारठा, आत गरम ओली फुंकर, अशा वेळी लाकूड तडकू शकतं. नवीन लाकूड तर पहिले काही आठवडे रोज थोडा थोडाच वेळ वाजवून मुरवावं लागतं. शाळेच्या तालमीत हे कोण सांभाळणार? एबीएसची (टणक प्लॅस्टिकची) नळी आणि धातूचा हेडजॉइंट असा पिकोलो ओला झाला तर पुसायचा, बस्स. शिवाय पिकोलो एक सप्तक वर वाजतो, त्याचं भोक बारीक, ओठ आवळले जातात. फ्लूटवर वरचं सप्तक हळू आवाजात धरता येत नसेल तोवर तो घेऊच नका, कसलाही.

मास्तरांशी भांडू नका. दोन-तीन फ्लूट समोर असतील तेव्हा त्यांना पाठ करून बसायला सांगा आणि मुलीला तीच धून प्रत्येकावर वाजवू द्या. किंमत आधी सांगू नका. जवळ ट्यूनर ठेवा. यामाहाचे फ्लूट 'ए' या सुराला ४४२ हर्ट्झवर लावलेले असतात, तेव्हा ४४० च्या पेटीबरोबर वाजवायचं तर हेडजॉइंट थोडा बाहेर ओढावा लागेल. त्याला दोष समजू नका. आणि एवढं करून त्यांनी ओपन होलच निवडला, तर खुशाल घ्या. सोबत भोकांची बुचं मिळतात. पाचही बसवा आणि जसजसा हात बसेल तशी एकेक काढा, डाव्या अनामिकेचं सगळ्यात शेवटी.