तात्पर्याचा रकाना काढून टाका
शाळेच्या वाचन मंडळात मुलं इंग्रजी कथा वाचतायत, त्यावर लिहितायत, हे तुमच्या लेखात वाचून बरं वाटलं. पण त्यात कथेच्या परीक्षणाचा जो नमुना दिलाय (लेखक, पात्रं, कथानक, तात्पर्य) त्यातला शेवटचा रकाना कृपया काढून टाका. तात्पर्य विचारलं की मुलं कथा बाजूला ठेवतात आणि बाईंना काय आवडेल ते लिहितात.

इंग्रजी लेखक साकीची ‘द ओपन विंडो’ ही कथा घ्या. जेमतेम तीन-चार पानं. पंधरा वर्षांची व्हेरा पाहुण्याला आधी सहज विचारते, इथली फारशी माणसं ओळखता का तुम्ही? घरच्या बाईंबद्दलही काही माहीत नाही म्हणजे? तो नाही म्हणतो, आणि मगच तिची थाप सुरू होते. पहिल्या वाचनात हे प्रश्न सहसा नुसते शिष्टाचाराचे वाटतात. मुलांना एवढंच विचारा: संशय कुठल्या ओळीला आला? मग बघा, जो तो पुस्तक उघडून ओळ शोधायला लागेल, वादही घालेल. याचं तात्पर्य काय लिहिणार, खोटं बोलू नये? इथे तर थाप मारणारीच जिंकते!

आणि हो, ज्यांना इंग्रजीत लिहिणं जड जातं त्यांना निदान सुरुवातीला मातृभाषेत लिहू द्या. स्पेलिंगच्या धास्तीने चांगले वाचक गप्प बसतात.